कोटातला मंगरू

मित्रांनो, मी जुना कम्प्युटर आहे. अर्जुनी मोरगावले बस स्टँडच्या बाजूले केवळरामचा फोटो स्टुडिओ आहे ना, त्याच्या मागच्या खोलीत पडून राहतो. माझ्या डोक्यावर सध्या एक फाटका पडदा अन् दोन बिनबल्बाचे लाईट ठेवले आहेत. जड आहेत. पण मले काही वाटत नाही. वाटाची सोय माझ्यात कोणी बसवलीच नव्हती.

मी काही कंपनीच्या खोक्यातून आलो नाही. गोंदियाच्या दुकानात घनश्याम नावाच्या माणसानं मले जोडलं. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, मॉनिटर कोणत्यातरी ऑफिसातून निघालेला. २००३ साल होतं. केवळरामनं मले चादरीत गुंडाळलं अन् पॅसेंजर गाडीत मांडीवर घेऊन बसला. बाजूची म्हातारी म्हणे, "टीव्ही हाये का गा?"

"नाही वो बाई, कम्प्युटर."

"मंग सिरियल दिसन का त्याच्यात?"

"नाही दिसत."

"मंग कायले आनलं एवढं वझं?"

माझं काम होतं कोट घालणं. हसू नका, खरंच. त्या टायमाले गावागावात कितीक माणसाचा फोटोच नसे. माणूस मेला की तेरवीले हार टाकाले फोटो लागे. मंग घरचे धावतपळत कोणत्यातरी लग्नातला फोटो घेऊन येत. केवळराम तो माझ्यात घेऊन त्यातली मान कापे, कोटाच्या धडावर बसवे, मागं धबधबा लावे. कोट एकच, टाय एकच, धबधबाही तोच. जन्मभर धोतर सोडलं नाही त्यालेही टाय. पण लोक खुश होत. म्हणत, "काय साहेब दिसून राहिला बुडा!" गावोगावी कितीक भिंतीवर माणसं त्याच एका कोटात बसली आहेत.

केवळरामची बायको अल्का. तिचा भाऊ हेमेंद्र पुण्याले कम्प्युटरच्या नोकरीत होता. तो दिवाळीले आला की अर्ध्या गावाचे मोबाईल त्याच्याच पुढे. एका दिवाळीले त्यानं मले पाहिलं अन् विचारलं, "भाऊजी, हा डबा कधी उघडला होता का?"

"कायले उघडू? चालून राहिला ना."

"घडीघडी बंद पडते म्हणत होते ना तुम्ही?"

"व्हायरस असन."

हेमेंद्रनं माझी बाजूची पाटी काढली. आमच्या मागं राईस मिल आहे. तिचा कोंडा माझ्या पंख्यावर गोधडीसारखा बसला होता. "हा पाहा तुमचा व्हायरस," तो म्हणे. रंगाच्या कोरड्या ब्रशानं त्यानं मले झाडलं. "महिन्यातून एकदा असं करा. बिजली काढून करा. अन् चालू असतानी वरून कापड टाकू नका, त्याचा दम कोंडते. अन् हे घडीघडी रिफ्रेश कायले दाबता? त्यानं मशीन ताजी होत नाही."

"पण बरं वाटते ना," केवळराम म्हणे.

"दाबा मंग," अल्का म्हणे. "घरात दुसरं कोणी ऐकत नाही तुमचं."

मंग केवळरामनं डिजिटल कॅमेरा घेतला. पहिल्या दिवशी तो स्टँडवर जे दिसलं त्याचा फोटो काढत सुटला. तिथं मंगरू अन् त्याची बायको जमुनाबाई शिंगाडे विकत बसले होते. मंगरू तलावात जाळं टाकणारा माणूस, थंडीत शिंगाडे विके. फोटोत जमुनाबाईचा हात टोपलीत होता, ती काहीतरी बोलून राहिली होती, अन् मंगरू तिच्याकडे पाहून हसून राहिला होता. तो फोटो माझ्यात आला. राहिला.

पुढच्या पावसाळ्यात मंगरूले ताप आला अन् तो गेला. जमुनाबाई स्टुडिओत आली. रडली नाही. म्हणे, "भाऊ, तो फोटो काढून दे. दुसरा नाई आमच्यापाशी."

केवळरामनं सगळ्यायचं करे तेच केलं. जमुनाबाईले कापलं. मंगरूची मान कोटावर बसवली. मागं धबधबा लावला. सेव्ह दाबलं. मी केलं. जुन्या फोटोवर नवा बसवला, अन् जुना गेला. मले जे सांगतात ते मी करतो.

ती घ्यायले आली तवा फोटो हातात धरून पाहतच राहिली.

"हा कोन?"

"मंगरूच होय ना बाई. पाहा, कसा साहेब दिसून राहिला."

"अन् मी कुठी गेली?"

"तुम्ही जित्या आहा ना. हाराच्या फोटोत जितं माणूस ठेवत नाहीत, वाईट असते."

"हार कोन टाकून राहिला? दोघायचा एकच फोटो होता आमचा. तो पायजे मले."

केवळरामनं मले उघडलं. जिथं पाहिलं तिथं कोटातलाच मंगरू. माझ्या आतल्या कचऱ्याच्या डब्यातही काही नव्हतं, कारण तो फोटो कोणी पुसला नव्हता, त्याच्यावर दुसरा बसला होता. तो नुसता रिफ्रेश दाबत राहिला. जमुनाबाई बाकावर बसून माझ्या पडद्याकडे पाहत राहिली.

अल्कानं भावाले फोन लावला. तो पहिलं वाक्य बोलला, "कॅमेऱ्याच्या कार्डावर नवीन काही काढू नका. पुसलेलं लगेच जात नाही, वर दुसरं बसलं की जाते."

"अरे बापा," अल्का म्हणे, "गणपती अन् तीन बारसे काढून झाले ना त्यावर!"

"मंग मले येऊ द्या. तोवर त्या फोटोले कोणी हात लावू नका."

दर बाजाराच्या दिवशी जमुनाबाई येई. दारातूनच विचारे, "आला का?" अल्का मान हलवे. ती जाई. टोपली रिकामी असो की भरलेली, चाल सारखीच.

दिवाळीले हेमेंद्र आला. पिशवी ठेवली, पाणीही नाही पेलं, माझ्यापुढं बसला. कॅमेऱ्याचं कार्ड पाहिलं. बारशातली लेकरं निघाली, मंगरू नाही. मंग त्यानं कोटातल्या फोटोच्याच पोटात पाहिलं. कॅमेरा मोठ्या फोटोच्या आत त्याचा एक बारका फोटो लपवून ठेवते, आपल्या बारक्या पडद्यावर दाखवाले. केवळरामचं जुनं सॉफ्टवेअर मोठ्या फोटोत काटछाट करे, पण त्या बारक्याले हात लावत नसे.

"हेमू," अल्का एकदम म्हणे, "टोपली दिसून राहिली!"

टोपली होती. टोपलीत हात होता. मंगरू हसून राहिला होता. सगळं बोटाच्या नखाएवढं.

केवळराम खुर्ची ओढत आला. "मोठा कर ना बे."

हेमेंद्रनं केला. तोंडाचे चौकोन चौकोन झाले, कोण मंगरू अन् कोण टोपली ते समजेना. पुन्हा बारका केला. पुन्हा दोघं दिसले.

जमुनाबाईले बोलावलं. ती डोळे बारीक करून माझ्याजवळ आली, इतकी जवळ की तिच्या श्वासानं काच धुरकट झाली. पदरानं तिनंच पुसली.

"बाई, एवढाच आहे," हेमेंद्र म्हणे. "मोठा होत नाही. माफ करा."

"मोठा कायले पायजे?" ती म्हणे. "मले कोनाले दाखवाचा हाये?"

केवळरामनं छापला, कात्रीनं कापून दिला. तिनं तो तंबाखूच्या चंचीत ठेवला. कोटातला फोटो केवळरामनं पुढं केला तर म्हणे, "तो तुमच्यापाशीच राहू द्या. मी त्याले ओळखत नाई." अन् गेली. दिवाळीची गर्दी होती, पुढचं गिऱ्हाईक आत आलं.

मंग कॅमेऱ्याचे मोबाईल आले. सगळ्यायचे फोटो खिशात गेले. कोट कोणी मांगेना. नवीन मशीन आली अन् मले इथं ठेवलं. बिजली काढली तवा दुखलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मशीनीले झाडत जा. फोटो दोन जागी ठेवत जा. काम नेहमी नकलेवर करा, मूळ तसंच राहू द्या. हे सगळं हेमेंद्रनं सांगतलं, त्याच्यात माझं काही नाही. माझं एवढंच सांगणं आहे. कोणाच्या फोटोले कात्री लावाच्या आधी मालकाले विचारत जा, यातलं कोण कोण पाहिजे.