बाहुलीचे ठोके

बेकरीसमोर इतकी गर्दी, की पाव घ्यायला आलेली माणसं पाव विसरून, जोडे काढून रांगेत उभी राहिली. आत भट्टीशेजारच्या खोलीत खुर्चीवर एक कापडी बाहुली, बाहुलीच्या हातावर घड्याळ, आणि घड्याळात चक्क हृदयाचे ठोके! अठ्ठ्याहत्तर. मग ऐंशी. मग पुन्हा अठ्ठ्याहत्तर.

घड्याळ बेकरीवाल्याच्या मुलीचं. ती नुकतीच हृदयाच्या आजाराने गेली होती. बाहुलीही तिचीच.

"पोर कुठेही गेलेली नाही," खुर्चीशेजारी ठाण मांडून बसलेले ठोकेबाबा डोळे मिटून सांगत. "देह बदलला, ठोके तेच! आईची नजर हलली की धागा तुटेल. गोळ्या घेतल्या की कंपनं बिघडतील. आणि पोरीला आवडायचा तो केक रोज ताजा हवा."

केक अर्थात बाबाच खायचे. पोरीच्या वतीने.

मध्येच आकडा जाऊन नुसत्या रेघा आल्या की बाबा गरजत, "कोणी शंका घेतली?" सगळे एकमेकांकडे बघत. माझ्याकडे जरा जास्तच.

आता मी पडलो थापाड्या. बोटाएवढा मासा सापडला तर मगर सांगतो. तेव्हा दुसऱ्याच्या थापेत मी सहसा नाक खुपसत नाही. पण थाप ऐकून माणूस हसत घरी गेला पाहिजे. इथे ही बाई, पोरीची आई, खुर्चीसमोर बसून झिजत होती. पोरीला हृदयाचा आजार हिच्याकडूनच आलेला. पाय सुजलेले, दोन शब्दांत धाप, आणि गोळ्या बंद.

तिचा धाकटा भाऊ हृदयाचा डॉक्टर. तो आला.

"ताई, चल दवाखान्यात. आत्ता."

"मी उठले तर ती जाईल रे."

"ताई, ती..."

"आकडा बघ ना! तूच तर दिलं होतंस तिला हे घड्याळ."

त्याने आकड्याकडे बघितलं. मग दुकानातून एक लांबट पाव घेऊन आला, बाहुलीच्या हातावरचं घड्याळ सोडवलं आणि पावाला बांधलं. लोक टाचा उंचावून बघू लागले. हिरवा उजेड लुकलुकला. रेघा, रेघा... एक्क्याऐंशी!

"बाबा, हे कोण?" शेजारचा शिंपी ओरडला. "आणि आजवर मी कोणाकोणाला चहात बुडवलं?"

"यंत्राला दृष्ट लागली!" बाबा म्हणाले.

डॉक्टरने टॉवेलची गुंडाळी करून घड्याळ तिच्यावर बांधलं. तिलाही ठोके आले.

"हे घड्याळ हृदय ऐकत नाही," तो म्हणाला. "हिरवा उजेड टाकतं. कातडीखालून रक्ताची लाट गेली की परत येणारा उजेड किंचित बदलतो, ते बदल हे मोजतं. मनगटावर ते उपयोगाचं. पण पावात रक्त नाही हे त्याला कळतंच असं नाही. उजेडातली कसलीही थरथर उचलतं आणि आकडा ठोकून देतं."

"बाबांसारखं," मी म्हणालो.

लोक खो खो हसले. तेवढ्यात बाबा मागच्या दाराने पसार.

बाई हसली नाही. तिने गुंडाळीवरचं घड्याळ सोडवलं, त्यावरचा पावाचा चुरा बोटाने पुसला.

"मग तिचे खरे ठोके कशात दिसत होते?"

"वॉर्डात. छातीला तारा लावल्या होत्या ना, त्या हृदयातली वीज टिपतात."

"शेवटी तिथे काय दिसलं?"

"सरळ रेघ, ताई."

"मी विचारलं तेव्हा तू यंत्राचा पडदा पलीकडे वळवलास. 'बघू, बघू' म्हणालास."

"तुला सोसलं नसतं."

"मग हे सोसलं का रे?"

भाऊ तिच्या सुजलेल्या पायांशी बसून रडला. तिनेच त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि उठली.

वॉर्डात मी तिला भेटायला गेलो. तिच्या छातीला तारा होत्या, पडद्यावर लाटा धावत होत्या. तिने पडद्याकडे बोट केलं.

"हे माझे?"

"तुझेच, बाई."

"इतके मन लावून कशाला चाललेत?" ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मला तिथे एकही थाप सुचली नाही.

म्हणून सरळ सांगतो. आकडा दाखवणाऱ्याला विचारा, तो कशावरून आला. चालू औषध बंद करायला लावणारा बाबा असो की बापाचा बाप, त्याला उंबऱ्याबाहेर ठेवा. आणि दुःखात बुडालेल्या माणसाला खरं सांगा. शेजारी बसून, हात धरून, पण खरंच सांगा. आपण दयेपोटी गिळलेल्या वाक्याच्या जागी कोणीतरी ठोकेबाबा येऊन बसतो.