परतीच्या तिकिटावर एक माणूस

बोटीचं जाण्यायेण्याचं तिकीट हातात पडलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. जाताना गाडी एक, माणसं दोन. येताना गाडी एक, माणूस एक.

"खिडकीवाल्याची चूक झालीये," मी म्हटलं.

"नाही, बरोबर आहे," सून म्हणाली. तिकीट माझ्या हातातून काढून घेऊन तिने समोरच्या काचेखाली ठेवलं.

मी सत्तावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली आहे. मागच्या सीटवर कोणी कुणाची वेणी ओढली हे मला आरशात न बघता कळायचं. तेव्हा मला कोणी येड्यात काढू नये. दोघी जाणार, एकटी परत येणार. गाडी तर सून चालवतेय. मग पलीकडे कोण राहणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

खुणा महिनाभर दिसतच होत्या. "आई, रविवारी खाडीपलीकडे जाऊन येऊ," ती म्हणाली तेव्हा मी रस्त्याने जाऊ म्हटलं. खाडीला वळसा घालून दोन तास लागतात, पण समुद्र बघत जाता येतं. तर म्हणे, "बोटीनेच जाऊ. बारा मिनिटांत पलीकडे. लांबचा रस्ता तुम्हाला नको." मला का नको? मी नुसती शेजारी बसणार. मला रस्ता लांब काय आणि जवळ काय?

मग म्हणाली, लायसन बरोबर घ्या आणि लांबचा चष्माही. शेजारी बसायला लायसन लागतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ओळखपत्र लागतं ते नाव नोंदवायला. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या लेकाने असंच हवापालटाला म्हणून एका आश्रमात नेलं होतं. तीन वर्षं झाली, अजून हवाच पालटतेय.

त्यातून गेला महिनाभर रोज संध्याकाळी ती ही बिनक्लचची गाडी माझ्या हातात देत होती. "चालवा थोडी, हात मोकळा राहू दे." शेवटचे लाड चाललेत, मी मनात म्हटलं. आणि आज सकाळी डिकीत एक भलीमोठी बॅग आली. ती ठेवली माझ्या मुलाने. जो स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवत नाही, त्याने. ठेवताना माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. पोटच्या पोरानेच साथ दिली म्हटल्यावर बोलायचं कुणाशी?

बोट लागली. ही बोट म्हणजे लोखंडाचं एक सपाट तबक, त्याला तोंड एकच. म्हणून गाड्या मागे घेत चढवायच्या, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. सुनेचं आणि रिव्हर्सचं वैर जुनं आहे. तिने दोनदा घेतली, दोन्हीदा तिरकी. गाड्या लावून घेणारा शिट्टीवाला शिट्टी फुंकून लालबुंद झाला. मागून हॉर्न सुरू झाले.

"उतर," मी म्हटलं.

चष्मा लावला, तिन्ही आरसे जागेवर आणले आणि एका दमात गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर नेऊन ठेवली.

"क्या बात है आजी!" शिट्टीवाला ओरडला.

सून शेजारी येऊन बसली ती चक्क हसत होती. मी तेही लक्षात ठेवलं. गाडी बंद केली, किल्ली काढली आणि मुठीत धरली. समोर आपला किनारा लांब जात होता. आता विचारायला हरकत नव्हती.

"कुठल्या आश्रमात टाकतेयस ते तरी सांग."

"कुठल्या कशात?"

"लायसन, बॅग, एका माणसाचं तिकीट. मला काय दुधखुळी समजतेस? आधी खोली दाखव. खिडकी नसेल तर मी राहणार नाही, आणि किल्ली तर अजिबात देणार नाही."

ती हसायला लागली. मग हसता हसता मध्येच थांबली.

"आई, तुम्ही परत जाणार आहात. राहणार मी आहे."

इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगून बघितलं. ऐकू आलं होतं. लायसन, लांबचा चष्मा, बारा मिनिटांची बोट, रोजची संध्याकाळची फेरी, सगळं माझ्यासाठीच होतं. मी एकटीने गाडी घेऊन सुखरूप घरी पोचावं म्हणून.

"भांडलात?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं. वर्षभर आम्ही भांडलोसुद्धा नाही."

आणि मी शेजारणीला सांगत होते, आमच्या घरात चढा आवाज म्हणून नाही. कोण किती साखर घेतं यावर नजर ठेवणारी मी. मुंगी दिसायची मला, हत्ती काही दिसला नाही.

"त्याला माहीत आहे?"

"बॅग त्यानेच ठेवली ना. दोघांनी मिळून ठरवलंय. तुम्हाला सांगायची हिंमत दोघांनाही नव्हती. घरी सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं."

"दिलंच नसतं!"

मला हायसं वाटायला हवं होतं. माझं घर, माझी खोली, माझी खिडकी सगळं शाबूत होतं. पण हायसं काही वाटेना. आश्रम परवडला असता, असंही क्षणभर वाटलं. तिथे भेटायला आली तरी असती.

पलीकडे उतरल्यावर दोन गल्ल्या सोडून तिची जागा. खाली दातांचा कारखाना, वर खोली. कवळ्या बनवायचं तिचं काम, आता इथे ती मुख्य होणार होती. माझ्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. म्हणजे तिला चार शब्द सुनावायचे तर तेही तिच्याच दातांनी.

मी सुनावले. दाराची कडी तकलादू आहे. नळ गळतोय. समोरच्या गॅलरीतला माणूस दोनदा डोकावला, लक्षण बरं नाही. गादी भिंतीला लावू नको, ओल येते. ती प्रत्येक वाक्याला "हो आई" म्हणत होती. घरी कधी म्हणायची नाही.

"तू थांब म्हटलं तर थांबशील?" मी शेवटी विचारलं.

"नाही."

"मग कडी तेवढी बदल."

धक्क्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. मी गाडीत बसले. शिट्टीवाल्याने तिकीट बघितलं. "आजी, एकटीच?"

"वाचता येतं ना?" मी खेकसले, आणि गाडी मागे घेत बोटीत चढवली.

मला खात्री होती, बोट सुटली की ती पाठ फिरवणार. शाळेच्या दारात मी सत्तावीस वर्षं आया बघितल्यात. व्हॅन हलली की दहा मोजायच्या आत निम्म्या जणींची पाठ दिसते, आणि त्यांची तर ती पोटची पोरं. मी कोण हिची?

पण रिव्हर्स घेतलेल्या गाडीचं तोंड किनाऱ्याकडेच राहतं, मान वळवायचीही सोय नाही. लांबचा चष्मा लावून मी तिच्यावर नजर ठेवली. बोट मागे सरली. मी दहा मोजले. वीस मोजले. ती तिथेच. सोडायला आलेली बाकीची माणसं निघून गेली, धक्का मोकळा झाला, तरी ती तिथेच.

बोट वळायला लागली. मी दिसेनाशी होत असणार, कारण तिने टाचा उंच केल्या. मग मध्ये इंजिनाची खोली आली. तिने केलेले दात मी घट्ट आवळून धरले.