न कापलेली दोरी

बॅगेच्या चेनला कुलूप लावून झालं तेव्हा सेरेनाने विचारलं, "आजोबा, ह्याची किल्ली कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. दुसरी विमानतळावरच्या तपासणीवाल्यांकडे. त्यांना आत बघायचं असलं तर कुलूप तोडायला नको म्हणून."

"म्हणजे आपण ज्यांना ओळखतच नाही, त्यांच्याकडे आपली किल्ली?"

"हो."

"दॅट्स सिली."

चौतीस वर्षं मी वसईच्या शाळेत लहान मुलांना शिकवलं. असा प्रश्न आला की मी आधी खाली बसतो. त्या दुपारीही परदेशात, गिरावीन उपनगरातल्या मुलीच्या घरात, बॅगेशेजारी कार्पेटवर बसलो.

जानेवारी २०२०मध्ये मी मुलीकडे, कॅरोलिनकडे, तीन महिन्यांसाठी आलो होतो. माझी बायको जॅनेट एप्रिलमध्ये येणार होती. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. ती वसईला एकटी, मी इकडे. कॅरोलिन जवळच्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये लॅबला, जावई रिकीच्याही शिफ्टा. त्यामुळे दहा महिने सेरेनाचा अभ्यास, जेवण, भांडणं सगळं माझ्या वाट्याला आलं. आता नोव्हेंबरात भारतात परत नेणाऱ्या विमानात मला जागा मिळाली होती. जाता येत होतं. पुन्हा कधी येता येईल, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

सेरेना आठ वर्षांची. ती मला हे विचारत नव्हती. ती फक्त बॅगेचं विचारायची. बॅग हरवली तर? कोणी उघडली तर? दुसऱ्याच कोणाच्या घरी गेली तर?

"बॉलपेन आण," मी म्हणालो.

पेनाचं टोक चेनच्या दातांत खुपसून दाबलं, तशी चेन मधूनच उघडली. कुलूप होतं तिथेच. मग कुलपासकट दोन्ही रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवले. चेन पुन्हा जशीच्या तशी.

"नो वे." ती माझ्याकडे बघत राहिली. "आजोबा, तू आधी चोर होतास?"

"मास्तर होतो. पोरांच्या दप्तरांच्या चेनी दुरुस्त करता करता कळलं."

"मग लॉक कशाला लावायचं?"

"उगाच कोणी हात घालू नये म्हणून. पण कोणी उघडली का, हे कुलूप सांगत नाही. ते गाठ सांगते."

मग मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं. ते विड्याची पानं टोपल्यांत भरून लांबच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचे. टोपलीला काथ्याची दोरी, आणि गाठ प्रत्येक घराची वेगळी. वाटेत कोणी सोडली तर त्याला पुन्हा तशीच मारता यायची नाही. व्यापाऱ्याला गाठ बघूनच कळायचं, माल वडिलांच्या हातून निघाला तो थेट आपल्याच हातात आला. तो दोरी कापायचा नाही, सोडायचा. आणि रिकाम्या टोपलीला बांधून परत पाठवायचा.

"म्हणजे कापली नाही तर दोरी परत येते?"

"यायची."

"ऑलवेज?"

"न कापता सोडली तर, हो."

ती उठून कपडे वाळत घालायची उरलेली सुती दोरी घेऊन आली. मी दोनचार गाठी दाखवल्या, त्या तिने शिकून घेतल्या, आणि मग मला म्हणाली, "आता तिकडे तोंड कर. ही आपल्या घराची गाठ. मी इन्व्हेंट करणार."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे बराच वेळ धापा आणि खुडबूड चालली होती.

"झालं. आता प्रॉमिस कर, कापणार नाहीस."

"नाही कापणार."

"आणि दोरी परत आणशील."

दार उघडून कॅरोलिन कधी आत आली होती, कळलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी सेरेनाला म्हणालो, "दोरी जपून ठेवीन." याच्या पुढचं मला खोटं बोलता आलं नसतं. तिनेही ते ओळखलं असावं, कारण ती पुन्हा एकदा गाठ ओढून बघायला लागली.

विमानतळावर आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते. कॅरोलिन आणि सेरेना गाडीत थांबल्या. तोंडाला मास्क, त्यावर चेहऱ्यापुढे प्लॅस्टिकची ढाल, हातात मोजे, असा मी रांगेतून काउंटरपाशी पोहोचलो. तिथल्या मुलाच्या छातीवर नाव होतं, तनय.

"अंकल, ये रस्सी नहीं चलेगी," तो म्हणाला. मग माझा पासपोर्ट बघून, "वसईचे का? मी ठाण्याचा. काका, दोरी काढावी लागेल. खाली पट्ट्याच्या यंत्रात अडकते, मग सगळ्यांच्याच बॅगा अडकतात." आणि त्याने खणातून कात्री काढली.

"कापू नकोस, बाबा. मी सोडतो."

"पटकन मात्र, काका. मागे बघा किती जण आहेत."

मी गाठीला हात घातला. चष्मा वाफेने पांढरा झालेला. पुसावा तर ढाल मध्ये. मोजे काढले, चाचपून एक टोक मिळालं ते ओढलं, तर गाठ आणखी आवळली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, काट दो ना."

तनय कात्री घेऊन पुढे आला. "काका, दोरीच आहे. तिकडे नवी मिळेल."

"नातीने मारलीय. न कापलेली दोरी परत येते, असं मीच तिला सांगून बसलोय."

तो थांबला. त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं, मग शेजारच्या काउंटरला हाक मारून पुढची दोन माणसं तिकडे पाठवली. "पाच मिनिटं. आणि त्या नातीलाच फोन लावा. तुम्हाला दिसत नाहीये, तिला तरी दिसेल."

त्याने माझा फोन बॅगेवर धरला. पडद्यावर सेरेना होती.

"तू लाँगवालं टोक ओढलंस," ती लगेच म्हणाली.

"ओढलं खरं."

"घाई नको. आधी बघायचं, मग हात लावायचा." हे माझंच वाक्य. भागाकार शिकवताना दहा महिने तिला ऐकवत होतो.

"मला दिसत नाहीये, सेरेना."

"ओके. मग मी बघते. तू फक्त हात लाव. डावीकडे एक लूप आहे ना? तो आत ढकल. ओढायचं नाही, ढकल. आता अंगठा खाली. नो, खाली. तिथे छोटं टोक लपवलंय मी."

बोटाला एक बारीकसं टोक लागलं.

"सापडलं?"

"सापडलं."

"आता हळू."

मी हळू ओढलं. दोरी सैल झाली आणि बॅगेवरून घसरून माझ्या पायापाशी पडली.

"नो वरीज, आजोबा," ती म्हणाली. "नीट घडी घाल तिची."

तनयने कुलूप तपासलं, चेनच्या रनरना एक प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बसवली आणि बॅग पट्ट्यावर सोडली. दोरीची घडी मी शर्टाच्या खिशात ठेवली.

वसईला पोहोचल्यावर बाहेरच्या खोलीत चौदा दिवस वेगळं राहायचं होतं. जॅनेट अंगणात खिडकीपासून लांब खुर्ची टाकून बसायची. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर बॅग उघडली, तर झाकणाच्या आतल्या कप्प्यात एक कागद निघाला. त्यावर सेरेनाने गाठीची सहा चित्रं काढली होती, एकाखाली एक. पेनाने चेन उघडून तिनेच तो गुपचूप आत सारला असणार. तळाशी इंग्रजीत लिहिलं होतं, 'आजोबा विसरला तर आजीसाठी.'

"काय आहे, मास्तर?" जॅनेटने विचारलं.

"आपल्या घराची गाठ."

"आपल्या घराला गाठ कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. ती आत गेली, स्वयंपाकघरातून सुतळीचा एक तुकडा आणि उशी घेऊन आली, आणि उशी मांडीवर धरून म्हणाली, "दाखवा चित्र. खिडकीला लावून धरा, इथून दिसेल असं."

"आता कशाला? सीमा बंद आहेत अजून."

"त्या उघडतील तेव्हा बॅगा दोन असतील," ती म्हणाली. "एक माझी. कुठल्या टोकापासून सुरू करायचं?"

मी कागद खिडकीच्या गजांना टेकवून धरला. "घाई नको," म्हणालो. "आधी बघ."