रंग उडालेले सात मासे

एकाहत्तर सालची गोष्ट. योहान भिंगारदिवे नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत राधाकृष्णशेठच्या कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन होता. दर तासाला जितके वाजले तितके घंटेचे टोल द्यायचे, कंपाउंडला फेरी मारायची आणि शेठच्या केबिनमधल्या काचपेटीवर बॅटरी टाकायची, हा त्याचा नेम. शेठनं मुंबईहून आणलेले ते मासे बोटाच्या पेराएवढे. अंगावर झळझळीत निळा पट्टा, शेपटीकडं लालभडक. पण रात्री बघावं तर निळं गायब, लालही गायब. सगळे राखेच्या रंगाचे! दिवा लावून ठेवला की वीस मिनिटांत पुन्हा जसेच्या तसे.

भोळा माणूस, हे फिटर लोकांना सांगून बसला आणि स्वतःचं हसं करून घेतलं. मच्छिंद्र फिटर म्हणाला, ड्युटीवर डुलकी लागली की असलीच स्वप्नं पडतात. शेठही हसले. आता वॉचमनला झोपाळू म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावरच पाय देणं. योहानला ते फार लागलं.

पुढं शेठनं आपल्या नेवाशाच्या जुन्या शाळेला सात मासे भेट द्यायचं काढलं आणि पोचवायचं काम योहानवर आलं. त्यानं दुधाची किटली घासूनपुसून घेतली, तोंडाला फडकं बांधलं, ऊन लागू नये म्हणून वरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि एसटीत लेकरासारखी मांडीवर धरून नेली.

हेडमास्तर काकासाहेबांनी आठ दिवस आधीपासून रंगीत माशांचा डंका पिटला होता. सगळी शाळा वर्गात कोंबलेली, खिडक्यांतही पोरं लोंबकळलेली. योहाननं किटली काचपेटीत रिकामी केली, आणि बाहेर आले सात राखाडी मासे. पोरं खिदळली.

काकासाहेबांचं तोंड आधी उतरलं, मग तापलं. असले मासे आमची पोरं प्रवरेत धोतराच्या सोग्यानं धरतात, ते गरजले. खरे मासे नगरला विकून हा गडी इथं नदीवर किटली भरून आला. चोर तो चोर, वर शिरजोर! लगेच त्यांनी शेठच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली. ती नागापूरला पोचली की नोकरी तर जाणारच, पण चोराचा शिक्काही जन्मभर कपाळी बसणार होता.

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. योहानला मात्र आतून हसूच फुटलं. अरे, बाराचा टोल देऊन रोज बघतो तेच की हे! गोणपाटाखाली अंधार, बिचाऱ्यांना वाटलं रात्र झाली. गुंडाळताना एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचीच त्याला लाज वाटली.

"सर, चिठ्ठी लिवा," तो म्हणाला, "पण वीस मिनटं थांबा. ह्यांची रात्र हाय अजून. खिडकीतली पोरं तेवढी बाजूला करा."

"आणि रंग नाही आला तर?"

"तर मी सोताच्या पायानं पोलीस ठाण्यात जातो."

काकासाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं गेली, काही नाही. दहा गेली, मासे तसेच. आता मात्र योहान काचपेटीवर वाकला. एसटीच्या दणक्यांनी मासे आजारी तर पडले नसतील? त्यानं मनातल्या मनात देवबापाला हाक घातली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका माशाच्या अंगावर सुताएवढी निळी रेघ उमटली. मग दुसऱ्याच्या. मग लाल. अठराव्या मिनिटाला सातही मासे दिवाळीसारखे पेटले आणि पोरांनी टाळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली. योहानची छाती दोन वीत फुगली.

काकासाहेब बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. मग त्यांनी खुर्ची ओढून योहानला बसवलं आणि पोरांसमोर विचारलं, की हे रात्री रंग टाकून देतात तरी का?

"अंधारात इश्रांती घ्यायची, तर मिरवायचं कुणासाठी, सर? चमकला तर मोठा मासा गिळंल. मला तर असंच वाटतं."

हेडमास्तर चिठ्ठी फाडायला निघाले. योहाननं हात धरला.

"फाडू नका. तिच्याच खाली लिवा, काय बघितलं ते."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटात शेठनं ती चिठ्ठी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली. मच्छिंद्र मान खाली घालून पाना पुसत राहिला. त्या रात्री योहाननं खुशीच्या भरात बाराचे टोल दिले आणि नागापुरात जागं असणाऱ्यांनी तेरा मोजले.