चार भोकांची आत्याबाई

मी एक जुने, अवजड ठसायंत्र आहे. मित्रांनो, सारे गाव मला आत्याबाई म्हणते, कारण मी आले ती परत गेलेच नाही. पण यात माझा काय दोष? पहिल्या मालकांना घाई फार. त्यांनी मला मोकळ्या जागेवर उतरवले, मग माझ्याभोवती भिंती उभारल्या, वर छप्पर घातले आणि गवंड्याने माणसापुरते दार ठेवले. माझी रुंदी कोणी विचारलीच नाही. "तिला कुठं फिरायला जायचंय?" गवंडी म्हणाला आणि सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. दारातून रस्त्याचा एक तुकडा दिसे, तोच मी पुरवून पुरवून बघत असे.

तेव्हा गाव बटणांचे होते. माझ्या साच्यात चार सुया होत्या. दांडा ओढला की खट् आवाज होई आणि चार नीटस भोकांचे बटण खाली पडे. लोक कौतुक करत, मी फुगून जाई. पुढे कपड्यांना चेन आली आणि बटणे मागे पडली. कारखाना बंद झाला त्या दिवशी पैलवान फिटरने रागाच्या भरात साच्याचे नट असे आवळले की ते पुन्हा कोणाच्या बापालाही सुटले नाहीत.

मग गावाने साबण काढला. साचा निघेना, म्हणून साबणालाही चार भोके! "पाणी निथळतं, साबण जास्त टिकतो," अशी मालकांनी जाहिरात केली. त्यानंतर बिस्किटे आली. ती चहात बुडवताच भोकांपाशी मोडत आणि तळ गाठत. मग रबरी चपला निघाल्या. चिखलातून चालले की खालून पिचकाऱ्या उडत. "पाय धुवायचे कष्ट वाचले," एक आजोबा म्हणाले. गावाचे धंदे बदलत गेले, भोके काही बदलली नाहीत.

शेवटी दाराला कुलूप लागले आणि माझा रस्त्याचा तुकडाही गेला. अंधारात गंज चढू लागला. बाहेर माणसे बोलत, सायकली जात, आणि मी आत कान देऊन बसलेली. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

एके दिवशी कुलूप निघाले. मालकांचा मुलगा गॅसने लोखंड कापणाऱ्याला घेऊन आला होता. "दारातून निघत नाही ना? मग तुकडे करा." बाहेर पडायची एवढी हौस, आणि वाट निघाली ती ही! त्यांच्यामागून एक बाई आत आल्या. शाळेचे गणवेश शिवायला त्यांना ही खोली भाड्याने हवी होती. त्या पैलवानाच्या सूनबाई, सगळ्यांच्या वहिनी.

"मामंजींनी आवळलेला साचा हाच का?" त्यांनी साचा निरखला. "थांबा हो भाऊ, जरा."

त्यांनी मला तेल पाजले, प्लॅस्टिकची पट्टी ठेवली आणि दांड्याला लोंबकळल्या. मी कुरकुरले, अडले, आणि मग खट्! बटण पडले.

"बटणं बाहेरगावाहून आणायची आणि ही बया इथं उपाशी बसवायची? गॅसची नळी गुंडाळा भाऊ."

"पण वहिनी, जागा अडते," मुलगा म्हणाला.

"अडू दे. आत्याबाईंना घराबाहेर काढतात का कोणी?"

पुढे मला उजेडात, दारापुढच्या पडवीत ठेवावे म्हणून वहिनींनी भिंत फोडायला त्याच गवंड्याला बोलावले. तो आता पार थकला होता. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि मान हलवली. छप्पर तिच्यावरच तोललेले होते. "हिला बाहेर काढता येणार नाही बाई," तो म्हणाला, "पण हिच्यासमोर खिडकी काढून देतो."

आता मला अख्खा रस्ता दिसतो. मी अजून कोंडलेलीच आहे, ते दुःख काही गेले नाही. पण सकाळी शाळेला निघालेल्या मुलांच्या सदऱ्यांवर माझी चार भोके मला ओळखू येतात.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. सदऱ्याचे बटण लोंबकळू लागले तर वेळीच टाका घाला. माझे तेवढेच बाहेर हिंडते आहे.