ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

त्या घरात दिवे गेले की कोणी मेणबत्ती शोधत नसे. आधी हाक जाई, "थोरली कुठे आहे?"

थोरली दाराजवळच्या मेन स्विचपाशीच सापडे. स्विच खाली ओढलेला, त्याच्या कडीत पितळी कुलूप, कुलपाला पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ काम काय, तर स्वयंपाकघरातला एक दिवा काढायचा आणि तोच परत बसवायचा.

"अगं, माझी इस्त्री अर्धवट राहिलीय," आई करवादायची.

"आई, पाटी वाच."

"कपाळ वाचू? दिसतंय का काही?"

बाबा खुर्चीतून म्हणायचे, "तिचं बरोबर आहे. दिवा बसू दे." आणि मग थोरलीला, "किल्ली कुठंय?"

ती गळ्यातला दोरा ओढून दाखवायची. किल्ली अंगावर हवी. टेबलावर नको, खुंटीला नको, दुसऱ्याच्या हातात तर नकोच.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. लिफ्ट ज्या उंच पोकळीतून वरखाली होते, तिच्या तळाशी एक खड्डा असतो. कधीकधी मेकॅनिकला त्यात उतरून काम करावं लागतं, आणि तेव्हा लिफ्ट त्याच्या डोक्यावर असते. म्हणून आधी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं आणि त्याची किल्ली एकच. बाबांच्या काळात नुसती पाटी लावत. एके दिवशी कोणीतरी वरून विचारलं, "झालं का रे?" बाबा उत्तर देत होते, पण त्यांचा आवाज वर पोचला नाही. विचारणाऱ्याने खाली येऊन पाहिलं नाही. स्विच चालू केला. बाबा वाचले, पण उजवा हात मनगटापासून गेला. आता ते एका दवाखान्याच्या फाटकाशी सायकली सांभाळायचे आणि डाव्या हाताने बिल्ले द्यायचे.

अशा घरातली मुलगी लिफ्टचंच काम शिकली तेव्हा आई बरेच दिवस बोलली नाही. शेवटी बोलली ती अशी, "एकदाच. या एका कंपनीत जाऊन ये. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर मावशीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." थोरलीने मान डोलावली. याआधी दोन ठिकाणी तिला दारातूनच परत पाठवलं होतं, ते आईलाही माहीत होतं.

मुलाखतीची तयारी धाकटीने अंगावर घेतली. आईचा चष्मा नाकावर चढवून ती पलंगावर पाय सोडून बसली.

"हं, या. बसा. तुम्हाला हे काम का करायचं आहे?"

"मला ते येतं म्हणून."

"असं तोडून नाही बोलायचं. जरा गोड बोला. तुमचा चेहरा आधीच कारल्यासारखा आहे."

"तू चष्मा काढ, डोळे तिरळे होतील."

"उमेदवार परीक्षकांचा अपमान करतायत, लिहून घ्या. पुढचा प्रश्न. तुम्हाला भीती वाटते का?"

बाबांनी मान वर केली.

"‘नाही’ म्हण," धाकटी चष्म्यावरून बघत म्हणाली. "इथे कोणी ‘हो’ म्हणत नसतं. ठासून म्हण, नाही."

"नाही," थोरली म्हणाली. बाबांनी मान पुन्हा खाली घातली.

कंपनीची इमारत सात मजली होती आणि तिच्याच लिफ्टवर उमेदवारांची परीक्षा होती. थोरलीच्या आधी चार मुलगे येऊन गेले. तिचा नंबर शेवटचा होता. परीक्षा घेणारे मुख्य मेकॅनिक पांढऱ्या मिशांचे, जाडजूड गृहस्थ होते. कंपनीत त्यांना सगळे मामा म्हणत.

"खाली खड्ड्यात दोरी ताणून धरणारी कप्पी आहे," मामा म्हणाले. "दोरी सैल झाली, म्हणून तिच्याजवळचा स्विच पडलाय आणि लिफ्ट हलत नाही. बघ काय करतेस."

ती गच्चीवर गेली, मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, पाटी अडकवली. चालू करून पाहिलं, होत नाही याची खात्री केली. मग जिन्याने खाली आली आणि खड्ड्यात उतरली. तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. लिफ्ट पहिल्या मजल्यावर उभी होती, तिचा काळा तळ वर दिसत होता. तिने तो एकदाच पाहिला. मग दोरी ताणली, स्विच जागेवर बसवला आणि हत्यारं गोळा करून ती वर आली. इतक्यात ऑफिसातल्या मॅडम दारात आल्या.

"झालं ना? चल, आत चल. साहेबांना बाहेर जायचंय, तुझी मुलाखत आधी उरकू दे."

आत टेबलामागे साहेब, मॅडम आणि मामा बसले. शिक्षण विचारलं, घरी कोण असतं ते विचारलं. ती नीट उत्तरं देत गेली. मग मामांनी विचारलं, "खड्ड्यात होतीस तेव्हा भीती वाटली?"

तिच्या तोंडात ‘नाही’ तयार होतं, पण डोळ्यांपुढे तो काळा तळ आला.

"वाटली," ती म्हणाली.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे, कळवू आम्ही," साहेब म्हणाले.

ती बाहेर पडली आणि पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर आली. संपलं होतं. एका शब्दाने घालवलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती आईला काय सांगायचं ते जुळवत राहिली. मावशीच्या दुकानातला गल्ला, त्यामागचं उंच स्टूल, दिवसभर तेच गाणं लावणारा रेडिओ, सगळं दिसू लागलं. वळणावर बसने हिसका दिला आणि छातीवर काहीतरी टोचलं.

किल्ली.

कुलूप तसंच होतं. काम संपलं की वर जाऊन कुलूप काढायचं, तेवढंच राहिलं होतं, आणि अंगावरची किल्ली इतकी अंगवळणी पडली होती की ती आहे हेच जाणवलं नाही. ती पुढच्या स्टॉपवर उतरली आणि धावत निघाली.

इमारतीच्या जिन्यात माणसं दम खात उभी होती. एक कारकून फायलींची चळत पायरीवर ठेवून कंबर धरून बसला होता. तळमजल्यावर एक मेकॅनिक मोठा कटर घेऊन मामांशी हुज्जत घालत होता.

"मामा, एक दणका देतो. कुलूप काय सोन्याचं आहे?"

"कुलूप तिचं आहे. तिच्याकडे माणूस पाठवलाय. तोवर चढा. पोटं कमी होतील."

"ती बघा आली!"

"आली का राणीसाहेब! गुडघे गेले आमचे!"

थोरली धापा टाकत होती. "चुकलं माझं. आत्ता काढते."

"पळ, पळ वर!"

ती जिन्याकडे वळली आणि थांबली. ती गेली तेव्हापासून आता दुपार कलली होती. मधल्या वेळात खाली कोण गेलं, कोण नाही, तिला कुठे ठाऊक होतं? ती परत आली आणि तिने तळमजल्याचं दार उघडलं.

"अगं बाई, वर जा! खाली काय ठेवलंय?" कारकून ओरडला.

ती खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यावर बसली. "आत कोणी आहे का?" आवाज वरपर्यंत घुमला. उत्तर आलं नाही. तिने बॅटरी घेतली, खाली उतरली, चारही कोपरे पाहिले, कप्पीच्या मागे पाहिलं. मग वर येऊन दार लावलं आणि कोणाकडेही न बघता सात मजले चढली.

लिफ्ट सुरू झाली तेव्हा जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कौतुक नव्हतं. मामा गच्चीवर तिच्या मागोमाग आले होते, चढून चढून लालबुंद झालेले.

"विसरलीस."

"हो."

"ही लहान चूक नाही."

"नाही."

साहेब बाहेर गेले होते. मॅडम खाली वाटच बघत होत्या. "मामा, ही मुलगी विसराळू आहे. शिवाय घाबरट."

"विसरली ते खरंच," मामा म्हणाले. "त्यासाठी वर्षभर ती जुन्या माणसाच्या हाताखाली राहील, एकटी कुठेही जाणार नाही. पण मॅडम, मी पाचही जणांना भीतीचं विचारलं. चौघं म्हणाले, नाही वाटत." "माझ्या नोकरीत मला दोन घरी निरोप सांगायला जावं लागलं. त्या दोघांनाही भीती वाटत नव्हती. तिसऱ्या घरी मला जायचं नाही."

मामा थोरलीकडे वळले. "सोमवारपासून ये. साहेबांना मी सांगतो. आणि आता जाताना जिन्यातल्या त्या कारकुनाची माफी माग, तो फार मनाला लावून घेतो."

ती आधी दवाखान्याच्या फाटकाशी गेली. बाबा एका बाईला बिल्ला देत होते. बाई गेल्यावर तिने सगळं सांगितलं. आधी चूक सांगितली, नोकरीचं नंतर. बाबा ऐकत राहिले.

"लोक ओरडत होते तेव्हा तू खाली पाहिलंस?"

"पाहिलं."

"उतरून?"

"उतरून."

बाबा सायकलींच्या रांगेकडे बघत राहिले. बाही गुंडाळलेला त्यांचा उजवा हात मांडीवर स्थिर होता. एक माणूस बिल्ला परत द्यायला आला, तो तसाच हात पुढे करून उभा राहिला. अखेर थोरलीनेच बिल्ला घेतला आणि त्याची सायकल काढून दिली.

"घरी जा," बाबा म्हणाले. "आईला तूच सांग. मी सांगितलं तर ती माझ्यावर ओरडेल."

"माझ्यावर नाही ओरडणार?"

"ओरडेल. पण मग जेवायला वाढेल."