तेराव्या वर्षाची रेघ

विलायतेतल्या लँकेशायरच्या एका सूतगिरणीत माणसाचं वय डॉक्टर व्हिटल यांच्या काठीवर ठरायचं. गरिबाघरच्या जन्माची नोंद कुणी ठेवत नसे, आणि आयांच्या शब्दावर सरकारचा विश्वास नव्हता. नव्या कायद्याने तेराच्या आतल्या पोरांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा लावून दिली होती. म्हणून डॉक्टरांनी एक काठी घेतली आणि तिच्यावर तांबडी रेघ ओढली. डोकं रेघेच्या वर गेलं की तेरा पूर्ण, विषय संपला.

किझाया एन्टविसलला एवढंच हवं होतं, की आपली डॉर्कस रेघेखाली राहावी. पोर अकराची, पण उंचीत बापावर गेलेली. बाकीच्या आया पूर्ण मजुरीच्या आशेने पोरांच्या केसांत चिंध्या कोंबत होत्या. किझाया मात्र रांगेत पोरीच्या कानाशी लागली होती.

"गुडघे वाकव. झग्यात कुणाला दिसतंय?"

"वाकवलेत की गं आई. आणखी वाकवले तर खाली बसेन मी."

डॉक्टरांनी काठी लावली. "तेरा पूर्ण. पूर्ण दिवस. पुढची."

"साहेब, अकराची आहे हो ती. मी जन्म दिलाय, मला ठाऊक नसणार?" असं म्हणत किझाया पुढे सरकली आणि काठीखाली आली. तिचं डोकं रेघेपर्यंत पोचलंच नाही.

"तेराच्या आत," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "अर्धा दिवस शाळा. पुढची."

मुकादम शोरॉकने हसू दाबलं. "डॉक्टर, ही त्या पोरीची आई आहे."

"मला उंची बघायला नेमलंय, नाती जुळवायला नाही. पोरं काय, काहीही सांगतात."

किझाया सहाव्या वर्षी गिरणीत शिरली होती. दिवसभर उभं राहून तुटलेले धागे सांधता सांधता तिचे गुडघे आत वळले आणि उंची तिथेच खुंटली. पण हे काठीला कोण सांगणार?

सोमवारपासून आई शाळेच्या बुटक्या बाकावर आणि लेक सूत कातणाऱ्या साच्यांपाशी. एकदा किझायाला उशीर झाला, तर मास्तरांनी घरातल्या मोठ्या माणसाला बोलावणं धाडलं. डॉर्कस आली, केसांत कापसाचे पुंजके घेऊन.

"घरी समजावते मी तिला," ती मास्तरांना गंभीरपणे म्हणाली. वाटेत दोघी पोट धरून हसल्या. घरी पोचल्यावर डॉर्कस ओटच्या पेजेचा चमचा हातात धरूनच झोपली, आणि किझायाचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाकडे गेली. "साहेब, मला उभं करा दिवसभर. पोरीला शाळेत पाठवा."

"लहान मुलांनी मोठ्यांच्या कामात बोलू नये," शोरॉक म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूश झाला. त्या माणसाच्या कानाखाली वाजवायला किझायाचा हात शिवशिवला, पण तिथवर तो पोचला नसता.

हिवाळाभर ती पोरीच्या गुडघ्यांना हंसाची चरबी चोळत राहिली. ते दुखणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. कुठे चोळायचं, हे तिला विचारावं लागत नव्हतं.

वसंतात डॉक्टर पुन्हा आले. रांगेत किझायाने सवयीने पोरीचा झगा ओढला. "गुडघे वाकव."

"आता वाकवावे लागत नाहीत गं," डॉर्कस म्हणाली.

काठी लागली. डोकं रेघेच्या खाली राहिलं.

"तेराच्या आत. अर्धा दिवस शाळा."

किझायाला हवं होतं ते मिळालं. तिने डॉक्टरांची बाही धरली. "साहेब, पुन्हा मोजा. उंच होती हो माझी पोर. तुम्हीच तर सांगितलंत."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच चष्म्यावरून पाहिलं. दोघी शेजारी उभ्या होत्या, चार गुडघे आत वळलेले.

"बहिणी दिसता," ते प्रेमाने म्हणाले. "एकाच बाकावर बसा. पुढची."